संगणकातील दोष : निदान व प्रतिबंध

वैद्यमित्रहो, आपल्या रुग्णनोंदी व औषधसाठ्याचे हिशेब आता संगणकात असतात. रोगांप्रमाणे संगणकप्रणालीतील दोषांचेही नामकरण होते. १९९९ पासून ‘सीव्हीई’ सूचीत नोंदलेल्या प्रत्येक दोषास स्वतंत्र क्रमांक मिळतो. ‘सीव्हीएसएस’ मापनात त्याचे बलाबल ० ते १० अंकांत सांगतात. ९ व त्यावरील दोष अतिगंभीर.

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषावर दुरुस्ती दिली. ती न बसविलेल्या संगणकांवर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने घाला घातला. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया रद्द झाल्या. औषध उपलब्ध होते. सेवन झाले नव्हते.

म्हणून येथेही निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा. दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात, ‘सर्ट-इन’च्या सूचना पाहाव्यात आणि नोंदींची एक प्रत संगणकापासून विलग ठेवावी. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले जपणे हाही वैद्यधर्मच होय.