लिहिलेले चालेल का? : मुक्तिबोधांच्या निमित्ताने

छात्र मित्रांनो, मराठी पानासाठी लेख मागितले की तुमच्यापैकी अनेकजण आधी विचारतात, "सर, असे लिहिलेले चालेल ना? कोणी रागावणार नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या एका लेखकाच्या उदाहरणाने समजून घेऊ.

रायपूरपासून साधारण 70 किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून शिकवत होते. घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतले नामवंत कवी आणि समीक्षक. गजाननरावांनी मात्र हिंदीत लिहिले. 1962 साली विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले त्यांचे 'भारत : इतिहास और संस्कृति' हे पुस्तक आले. काही लोकांना त्यातला मजकूर रुचला नाही. विरोध झाला आणि त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने पुस्तकावर बंदी घातली. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. 11 सप्टेंबर 1964 रोजी, अवघ्या 46 व्या वर्षी ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला, पण तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या संग्रहात 'अंधेरे में' ही दीर्घ कविता आहे. तिच्यात रात्री निघालेली एक मिरवणूक दिसते. पत्रकार, कवी, मंत्री आणि एक कुप्रसिद्ध गुंड यांच्याबरोबर लष्करी अधिकारीही तीत चालतात. आपल्यासारख्या वाचकाला हे खटकेल. पूर्ण कविता वाचल्यावर मला वाटले, की कवीचा रोख गणवेशावर नसून सत्तेशी संगनमत करणाऱ्या सगळ्याच प्रतिष्ठितांवर आहे. तुमचे मत वेगळे असू शकेल. ते जरूर मांडा, मात्र कविता वाचून मांडा.

मग गणवेशातल्या माणसाने काय करावे? संविधानाचे कलम 19 अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते. कलम 33 प्रमाणे संसद सैन्यदलांसाठी मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते. आर्मी रूल्स, 1954 मधील नियम 21 नुसार राजकीय प्रश्नांवर किंवा सेवेतील बाबींवर पूर्वपरवानगीशिवाय काही प्रसिद्ध करता येत नाही. सैन्यात गेल्यावर तो तुम्हाला पाळावाच लागेल. देशाची सुरक्षा आणि सैन्याचे राजकारणापासून अंतर, यांसाठी तो गरजेचा आहे. पण कोणाला तरी लेख आवडणार नाही, ही भीती म्हणजे तो नियम नव्हे.

म्हणून लेखावर आक्षेप आला की आधी त्याचा प्रकार ओळखा :

1. माहिती चुकली असेल, तर तपासा, दुरुस्त करा आणि सांगणाऱ्याचे आभार माना.
2. गोपनीय गोष्ट किंवा कोणाचे खाजगी आयुष्य उघड होत असेल, तर तो भाग काढा.
3. "आम्हाला पटले नाही" एवढेच असेल, तर शांतपणे ऐका, स्वतःचे लेखन पुन्हा वाचा. तरीही ते खरे वाटले, तर तसेच ठेवा आणि खाली आपले नाव लिहा.

पहिल्या दोन ठिकाणी मागे हटण्यात कमीपणा नाही. तिसऱ्या ठिकाणी उभे राहायला धैर्य लागते.

स्वाध्याय : तुम्हाला न पटलेला एखादा लेख निवडा. लेखकाचे म्हणणे प्रथम प्रामाणिकपणे तीन वाक्यांत लिहा आणि मग शंभर शब्दांत त्याला उत्तर द्या.