बक्षिसी : कोठे, केव्हा आणि किती?

अमेरिकेतील लहान विमानतळांवर खासगी विमान उतरले की तेथील सेवाकेंद्राचे कर्मचारी पुढे येतात. विमानाला जागा दाखविणे, चाकांना अडसर लावणे, इंधन भरणे, सामान उतरविणे ही त्यांची कामे. त्यांना बक्षिसी द्यावी काय, असा प्रश्न नवख्या पाहुण्यास पडतो.

उपाहारगृहातील वाढप्याची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार १९९१ पासून त्याला तासाला किमान २.१३ डॉलर रोख वेतन दिले तरी चालते; २००९ पासून ७.२५ डॉलर असलेल्या किमान वेतनापर्यंतची भर बक्षिसीतून पडते. अनेक राज्यांत हे दर अधिक आहेत. विमानतळावरील कर्मचाऱ्यास मात्र सामान्यतः पूर्ण वेतन मिळते. म्हणून येथील बक्षिसी हे कर्तव्य नव्हे. ती कृतज्ञता होय.

पुढील संकेत ध्यानी ठेवावेत :

१. नेहमीच्या कामासाठी मनःपूर्वक आभार पुरेसे असतात.

२. जड सामान, हिमवर्षाव किंवा अपरात्रीची सेवा यांसाठी काही डॉलर गाजावाजा न करता हाती द्यावेत.

३. काही केंद्रांत बक्षिसी घेण्यास मनाई असते. तेथे आग्रह न धरता वरिष्ठांपाशी त्या कर्मचाऱ्याची नावानिशी प्रशंसा करावी.

४. काम लवकर उरकावे म्हणून बक्षिसी कदापि देऊ नये. पेट्रोलवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनात घाईने जेट इंधन भरले गेल्यास उड्डाणानंतर इंजिन बंद पडू शकते.

बक्षिसी काम झाल्यावरच द्यावी. आधी दिलेली बक्षिसी आभार न राहता आमिष ठरते.