सामूहिक व्यायामातील दुखापती : अर्धशक्ती आणि अस्थिधातू

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की सिंदी (रेल्वे) व सेलू तालुक्यातील आसपासच्या गावांत पहाटेच्या अंधारात तरुणांचे जथे धावताना दिसू लागतात. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावण्याचे, उरलेले १०० मीटर धाव व गोळाफेकीचे. कालपर्यंत शेतात किंवा दुकानात काम करणारी मुले एकाएकी रोज डांबरी रस्त्यावर धावतात आणि समूहाने दंड, बैठका, उड्या यांचा सपाटा लावतात. तीन-चार आठवड्यांनी त्यांतील काही लंगडत आमच्या चिकित्सालयाची पायरी चढतात. ही वेळ टाळण्यासाठी वैद्य व औषधविक्रेते यांना काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे आपणा सर्वांस पाठ आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, तोंडास कोरड पडणे, श्वास तोंडाने घ्यावा लागणे ही त्या मर्यादेची लक्षणे सुश्रुताने व टीकाकारांनी सांगितली आहेत. वाग्भटाने तर अतिव्यायाम करणाऱ्यास हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. समूहात नेमकी हीच मर्यादा मोडते. पुढचा धावतो म्हणून मागचा धावतो, आणि सर्वांत सशक्त मुलाची गती ती सर्वांची गती ठरते. अर्धशक्ती ही ज्याची त्याची असते, जथ्याची नसते.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. अर्धशक्तीची ही लक्षणे श्वासाची व श्रमाची आहेत, अस्थीची नाहीत. नियमित धावणाऱ्याचा दम थोड्याच आठवड्यांत वाढतो, स्नायूही बळावतात. हाड मात्र मागे राहते. नवा भार पडला की हाडातील जुना भाग आधी झिजवला जातो व नवा नंतर भरला जातो, त्यामुळे मधले काही आठवडे ते उलट दुबळे असते. धातुपोषणक्रमात अस्थी पाचवी आहे, हे या संदर्भात आठवावे. मुलाला ज्या आठवड्यात ‘आता जमू लागले’ असे वाटते, तोच आठवडा धोक्याचा. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहॉप्ट याने १८५५ मध्ये संचलन करणाऱ्या सैनिकांच्या पायांच्या दुखण्याचे जे वर्णन केले, तो हाच विकार होय.

आमच्याकडून झालेली चूक सांगतो. नडगी दुखते म्हणून आलेल्या एका मुलास आम्ही अभ्यंग, स्वेदन व लाक्षादी गुग्गुळ दिले. दोन दिवसांनी बरे वाटताच तो पुन्हा धावू लागला आणि आम्हीही त्यास अडविले नाही. पंधरवड्याने त्यास पाय टेकवेना. तपासणीत नडगीच्या हाडास तडा आढळला. भरती अर्थातच गेली. औषध चुकले नव्हते, परीक्षण अपुरे होते. नडगीच्या आतील कडेने वीतभर लांबीत पसरलेली दुखरी रेषा असेल, तर ती बहुधा स्नायू व अस्थिआवरणाची पीडा असते. परंतु बोटाने दाबता एकाच बिंदूवर, हाडावरच तीव्र वेदना होत असेल, त्या पायावर एकदाही उडी मारवत नसेल किंवा रात्री ठणका लागत असेल, तर अस्थिभग्न समजूनच धावणे बंद करावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्र निर्दोष येऊ शकते, त्यावर विसंबू नये.

फिजिओथेरपी अर्थात भौतिकोपचार हे दुखापतीनंतरचे शास्त्र, असा समज आपल्यातही आहे. प्रतिबंधात त्याचे काम मोठे आहे. नुसते ताण देण्याचे व्यायाम मात्र पुरेसे नाहीत. ऑस्ट्रेलियात १५३८ सैन्यभरती झालेल्या तरुणांवर केलेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्यायामापूर्वी ताण दिल्याने पायांच्या दुखापती म्हणण्यासारख्या कमी झाल्या नाहीत. मुळात दम कमी असलेल्यांना त्या अधिक झाल्या. म्हणून भार हळूहळू वाढविणे हाच मुख्य उपाय. पहिले दोन आठवडे आलटून पालटून चालणे व धावणे, धावण्याच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस विश्रांती, शक्य तेथे डांबराऐवजी मातीचे मैदान. उड्या शेवटी वाढवाव्यात. मुलांचे दमानुसार दोन-तीन गट पाडावेत, हे तर विनामूल्य आहे.

बलवर्धनासाठी पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश वर नेणे व त्याहून सावकाश खाली आणणे पिंढरीस उपयुक्त आहे. मांडीच्या मागील स्नायूसाठी एकाने गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने त्याचे घोटे धरावेत आणि पहिल्याने धड सरळ ठेवून जमेल तितके हळू पुढे झुकावे. या एका व्यायामाने त्या स्नायूच्या दुखापती निम्म्याच्या आसपास घटतात, असे खेळाडूंवरील अभ्यासांतून दिसले आहे. जोडीने करावयाचा असल्याने तो जथ्यास सोयीचाही आहे. व्यायामोत्तर विमर्दन सुश्रुतास अभिप्रेत आहेच. मात्र ताज्या, सुजलेल्या दुखापतीवर मर्दन व उष्ण स्वेद करू नये.

ऋतूचा विचार आपल्या जिल्ह्यात विशेष हवा. शीतकाळ व वसंत यांखेरीज व्यायाम अल्प करावा, ही शास्त्राज्ञा वर्ध्याच्या उन्हाळ्यात अक्षरशः लागू पडते. अतितीव्र व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत स्नायूंस असह्य वेदना, सूज व काळसर तपकिरी मूत्र दिसल्यास ती स्नायुनाशाची खूण आहे व वृक्कांस धोका असतो. अशा रुग्णास चिकित्सालयात थांबवून घेऊ नये. सेवाग्राम किंवा सावंगी (मेघे) येथील रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंकडे ही मुले आमच्याआधी येतात. धावण्यापूर्वी घ्यावयाची वेदनाशामक गोळी मागणाऱ्यास ती देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : दुखते ते बोटाने दाखविता येते का, किती दिवसांपासून, आणि लघवीचा रंग कसा आहे. गोळीने वेदना दबते व मूल तडा गेलेल्या हाडावर धावत राहते. शरीरात पाणी कमी असताना तीच गोळी वृक्कांसही अपाय करते.