लोणकढी

लोणकढी हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. मी तो नीट शिकलो, कारण तो माझ्यावरूनच निघाला.

गेल्या पावसाळ्यात मी पळत आलो आणि ओरडलो, "बारवी धरणाचे दरवाजे उघडले, पाणी येतंय!" मला नुसती गंमत करायची होती. पण शेजारच्या आजी दोन करडं काखेत घेऊन टेकडीकडे धावल्या. चिखलात पाय घसरून पडल्या आणि त्यांचा गुडघा फुटला.

आपल्याकडे पाण्याची भीती खरी आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती.

आई रागावून म्हणाली, "लोणकढी थाप मारतोस? जा, आजींची माफी माग." मी माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, ही कसली कढी?" गुरुजी हसले. म्हणाले, "कढी नव्हे रे, तूप! घरी तूप कढवताना बघ."

मी चुलीजवळ बसून पाहिले. आमची आजी साय साठवते, विरजण लावते आणि रवीने घुसळते. मग ताक खाली राहते, लोणी वर येते. लोणी मंद आचेवर ठेवले की आधी फेस येतो. लोण्यातले पाणी तडतड करत उडून जाते. बेरी तळाला बसते. वर राहते ते लोणकढे तूप.

लोणी हा शब्द संस्कृत नवनीत यापासून आला. नव म्हणजे नवे, ताजे. कढणे म्हणजे उकळून आटणे. कढी आणि काढा हे शब्दही त्याच घरातले. तूप नपुंसकलिंगी, म्हणून लोणकढे तूप. थाप स्त्रीलिंगी, म्हणून लोणकढी थाप. लोणी कढवून ताजे तूप करतात, तशी जागच्या जागी ताजी बनवलेली खोटी गोष्ट म्हणजे लोणकढी.

गुरुजींनी आणखी सांगितले. गुऱ्हाळात उसाचा रस तासन्‌तास कढवून गूळ करतात, म्हणून लांबलचक बोलण्याला गुऱ्हाळ म्हणतात. अमेरिकेत बलोनी नावाचा मांसाचा पदार्थ आहे. तिकडे निव्वळ बातांनाही बलोनी म्हणतात.

आमची आजी म्हणते, "तूप महिनोन्‌महिने टिकतं, थाप संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही."

यंदा पावसात नदीकाठी जाऊ नका असा निरोप खरोखर आला. मी तो शेजारच्या आजींना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "आधी तुझ्या आईला बोलाव, मग खरं मानीन." मला फार वाईट वाटले. पण मी आईला बोलावून आणले, आणि करडं मीच उचलून टेकडीवर नेली.

वाक्यात उपयोग करा :
१) लोणकढे तूप – गरम भातावर आईने लोणकढे तूप वाढले.
२) लोणकढी थाप – पाण्याच्या बाबतीत लोणकढी थाप कधीही मारू नये.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी