लहान मुलांच्या हातचा मोबाईल आणि पालकांचे शिक्षण

मावळ तालुक्यात लोणावळ्यानजीक घाटमाथ्यावर कुरवंडे हे गाव आहे. इंद्रायणीचा उगम ह्याच परिसरातला. येथे पाऊस दांडगा. भातलावणीच्या दिवसांत आईबाप सकाळपासून चिखलात असतात आणि घरी राहतात ती आजी व तीन-चार वर्षांचे मूल. पूर्वी असे मूल आजीच्या मागे मागे फिरे, सतरा प्रश्न विचारी. आता अशा गावांतून त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. मूल गप्प बसते, कामे उरकतात. सवय लागते ती मागाहून. आरंभी ती निव्वळ सोय असते. पालकांशी बोलावयास जाणाऱ्या शिक्षकाने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. अडचणीपोटी मोबाईल देणाऱ्या आईला दोष देऊन सभा सुरू केली, तर ती दुसऱ्या सभेस येणार नाही.

शिवाय एक अवघड उत्तरही ऐकून घ्यावे लागते. "गुरुजी, मोबाईल तर तुम्हीच घ्यायला लावलात!" मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या व पाठ मोबाईलवरून जाऊ लागले, त्या काळाची ही आठवण आहे. ती खोटी नाही. शिक्षकाने ती मोकळेपणाने मान्य करावी आणि मोठ्या मुलाचा अभ्यास व धाकट्याचे तासन्‌तास चित्रे पाहणे ह्यांतील भेद समजावून द्यावा.

हा भेद कोणता? अमेरिकेत पॅट्रिशिया कूल ह्या विदुषीने 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या काही बालकांशी चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष खेळली, बोलली. दुसऱ्या काही बालकांना त्याच माणसांची चित्रफीत दाखविण्यात आली. पहिल्या बालकांना त्या भाषेतील ध्वनी ओळखता येऊ लागले, दुसऱ्यांना नाही. चित्र बोलते, पण मुलाने हुंकार दिला तर थांबत नाही, उत्तर देत नाही. पहिलीच्या वर्गात ज्या मुलाला चार वाक्ये सलग सांगता येत नाहीत, त्याच्या घरची संध्याकाळ कशी जाते, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मर्यादा घालून दिली आहे: दोन वर्षांखालील मुलास पडदा मुळीच नको, परगावच्या आप्तांशी क्वचित समोरासमोर बोलणे तेवढे चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. हे आकडे सभेत सांगावेत, पण त्यांवर विसंबू नये. आकड्याने सवय सुटत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे ऑगस्ट 2022 पासून सायंकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. त्यासरशी दूरदर्शन संच व मोबाईल बंद करावयाचे, ते 8.30 च्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत. सरपंच विजय मोहिते ह्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा पुरुषमंडळींनी ती हसण्यावारी नेली. स्त्रियांनी मात्र उचलून धरली. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्यातील खुबी भोंग्यात नव्हती. मोठ्यांनी आपलाही मोबाईल त्याच वेळी खाली ठेवावयाचा होता, ती खुबी ह्यात होती.

कुरवंड्यासारख्या गावी सभा लावणी आटोपल्यावर घ्यावी. आठ-दहा आया, एखादी आजी, अंगणवाडी सेविका आणि कोणाचे तरी पडवीतले घर एवढे पुरे. व्याख्यान नको. "पोराच्या हातात मोबाईल नेमका कधी जातो?" एवढेच विचारावे. बहुधा तीन वेळा निघतील: जेवताना, चूल पेटलेली असताना, निजताना. तिन्ही एकदम सोडावयास सांगू नयेत. जेवणाची वेळ प्रथम धरावी.

मग करून दाखवावे. मुलाला ताटासमोर बसवून त्याच्याच हाती घास द्यावा, "भात कुठून आला?" असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. हे थांबणे शिकविणेच कठीण. आई घाईत असते व उत्तर स्वतःच देऊन मोकळी होते. स्वयंपाकाच्या वेळेस मुलाला लसूण सोलू द्यावा, भाजीची पाने खुडू द्यावी, वाट्या लहानमोठ्या लावू द्याव्या. चिंचोके अगदी लहानग्यांच्या हाती देऊ नयेत. ते तोंडात जातात. निजताना आजीची गोष्ट आहेच, फक्त आजीला कोणीतरी तसे सांगावयास हवे.

पहिले काही दिवस मूल रडेल, ताट लोटील. हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तिसऱ्या दिवशी मोबाईल परत येतो. रडणे थांबविण्यासाठी एकदा जरी तो दिला, तरी मूल पुढच्या खेपेस अधिक रडते.

बापांची सभा निराळी घ्यावी लागेल, व ती रात्री. आणि शिक्षकाने आपल्याकडेही पाहावे: पालकांच्या गटावर स्वाध्याय व सूचना रात्री आठ वाजता धाडल्या, तर त्या वेळी मोबाईल हाती घेणे पालकांना भागच पडते. त्या शाळा सुटण्यापूर्वी धाडाव्यात. आठवड्याने दुसरी सभा भरेल तेव्हा कोणाला जमले हे विचारण्याऐवजी कोणत्या दिवशी जमले नाही, ते प्रथम विचारावे. आया तेव्हाच मोकळेपणाने बोलू लागतात.