दुरात्म्यांविरुद्ध खंबीर राहा

१. तुमच्या घरातील मराठी पवित्र शास्त्राचे आरंभीचे पान उघडून पाहा. पुष्कळ प्रतींवर बायबल सोसायटी ऑफ इंडिया हे प्रकाशकाचे नाव व बेंगळुरूचा पत्ता आढळेल. प्रभू येशूने अशुद्ध आत्म्यांना घालवून दिल्याचे वृत्तांत ज्या ग्रंथात आहेत, तो आपल्याला या शहरातून मिळतो. त्याच शहरात निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. जुने मनोरुग्णालय व एक शिक्षणसंस्था यांच्या विलीनीकरणातून १९७४ साली ती आकारास आली. मोबाईल व इंटरनेट यांच्या आहारी गेलेल्यांसाठी तेथे २०१४ साली एक स्वतंत्र उपचार केंद्रही सुरू झाले.

२. शास्त्र व रुग्णालय, या दोहोंची आठवण एकत्र करण्याचे कारण आहे. घरातील एखाद्याचे वागणे एकाएकी बदलले, तर तो आजार समजावा, पाप समजावे की दुरात्म्याचा हल्ला? उत्तर चुकले, तर आजारी माणसाला औषधाऐवजी मार मिळतो. किंवा पापात गुरफटलेल्याला पश्चात्तापाऐवजी सबब मिळते. यास्तव या बाबतीत शास्त्र खरोखर काय शिकवते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

दुरात्मे कोण आहेत?

३. आपल्या भाषेमुळे येथे एक गोंधळ होतो. मराठी शास्त्रात दुरात्म्यासाठी ‘भूत’ हा शब्दही योजलेला आहे. तो ऐकताच पिंपळावरचा मुंजा, हडळ किंवा समंध, म्हणजे इच्छा अपुरी राहिलेला कोणी मृत मनुष्य, आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु शास्त्राचा अर्थ हा नव्हे. दुरात्मे हे मेलेल्यांचे आत्मे नसून देवाविरुद्ध पाप केलेले देवदूत आहेत. (२ पेत्र २:४, यहूदा ६) त्यांचा अधिपती सैतान याला प्रभूने लबाडीचा बाप म्हटले. (योहान ८:४४) मृतांचा तर या जगातील व्यवहारात काही वाटा उरत नाही. (उपदेशक ९:५, ६) आपली मृत आजी किंवा काका आपल्याला छळत आहेत, हे भय विश्वासी मनुष्याने बाळगण्याचे कारणच नाही.

४. याच कारणास्तव देवाने आपल्या लोकांना मृतांना प्रश्न विचारणे, शकुन पाहणे व मंत्रतंत्र करणे यांपासून दूर राहण्यास सांगितले. (अनुवाद १८:१०-१२) इफिस येथील विश्वासी जनांनी आपली जादूची पुस्तके जाळली. त्यांची किंमत ५०,००० रुप्याची नाणी इतकी भरली. (प्रेषितांची कृत्ये १९:१९) त्यांनी ती विकून पैसे केले नाहीत. आपल्या दारावर लिंबू-मिरची, दंडात गंडा व भिंतीवर क्रूस असे सर्व एकत्र नांदत असेल, तर आपला भरवसा नेमका कोणावर आहे?

प्रत्येक आजार दुरात्म्याचा नव्हे

५. मत्तय ४:२४ लक्षपूर्वक वाचा. प्रभूकडे आणलेल्या लोकांमध्ये भूतग्रस्त वेगळे, फेफरे येणारे वेगळे व पक्षाघाती वेगळे, असे तेथे नोंदलेले आहे. दुरात्म्याची पीडा व शरीराचा रोग हे एकच नव्हेत, हे शुभवर्तमान लिहिणाऱ्यास ठाऊक होते. पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता, आणि तीमथ्याच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यावर पौलाने साधा घरगुती उपाय सुचवला. (कलस्सैकर ४:१४, १ तीमथ्य ५:२३) म्हणून डॉक्टरांकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. प्रार्थना करावी आणि गोळीही वेळेवर घ्यावी.

६. या बाबतीत आपल्या देशात फार मोठी हानी झाली आहे. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका निवाऱ्याला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यामुळे २५ हून अधिक जण होरपळून मरण पावले. पुढे महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे त्यान्वये गुन्हे ठरले. कर्नाटकानेही २०१७ साली अशा स्वरूपाचा कायदा केला. गरसेकरांच्या प्रदेशातील मनुष्यालाही लोकांनी साखळ्यांनी बांधले होते. प्रभूने मात्र त्याला हातही उगारला नाही, मोबदला मागितला नाही. त्याला शुद्धीवर आणले व आपल्या घरच्यांकडे परत पाठवले. (मार्क ५:१-२०) प्रभूच्या नावाने सेवा करणाऱ्या कोणाचेही वर्तन याहून निराळे असेल, तर त्याच्या हाती आपले आजारी माणूस सोपवू नये.

मोह कसा येतो?

७. तर मग सैतानाचे नेहमीचे काम कोणते? तो मनुष्याला क्वचितच किंचाळायला लावतो; बहुधा तो आपली केवळ संमती मागतो. याकोब सांगतो की, प्रत्येक जण स्वतःच्याच वासनेने ओढला जातो. ती वासना पुढे पापाला जन्म देते व पाप मरणाला. (याकोब १:१४, १५) बाहेरून हाक येते हे खरे, परंतु दाराची कडी आतून असते. “सैतानाने माझ्याकडून करवले,” ही सबब एदेन बागेतही मान्य झाली नव्हती. (उत्पत्ति ३:१३-१६)

८. एक उदाहरण घ्या. नगरकडील एक तरुण नोकरीसाठी बेंगळुरूत राहतो, अशी कल्पना करा. लहानपणी तो प्रार्थनेशिवाय जेवत नसे. आता रात्रपाळी संपवून तो पहाटे खोलीवर येतो. मंडळी दूर, भाषा परकी, विचारपूस करणारे कोणी नाही. हातात मोबाईल आहे. आधी थोडा विरंगुळा, मग जुगाराचा खेळ, मग अशुद्ध चित्रे. आणि आईचा फोन आला की “सर्व ठीक आहे” हे खोटे उत्तर. येथे ना अंगात येणे आहे ना आरडाओरडा. तरीसुद्धा, गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरणारा तो शत्रू येथे आपले भक्ष्य गाठत नाही काय? (१ पेत्र ५:८)

प्रतिकार कसा करावा?

९. रानात प्रभूची परीक्षा झाली तेव्हा तो ४० दिवसांचा उपाशी व एकटा होता. पहिला मोह भाकरीचा, म्हणजे एका रास्त गरजेचा होता. दुसऱ्या मोहात सैतानाने शास्त्रवचनच पुढे केले. तिसऱ्यात त्याने दुःखाविना राज्य देऊ केले. (मत्तय ४:१-११) प्रभूने वाद वाढवला नाही. त्याची तिन्ही उत्तरे अनुवादाच्या पुस्तकातील सहाव्या व आठव्या अध्यायांतून आली. ती वचने त्याला रानात शोधावी लागली नाहीत. ती आधीच त्याच्या अंतःकरणात होती. आपणही मोहाच्या घटकेपूर्वीच वचन साठवले पाहिजे.

१०. याकोब ४:७ मधील क्रम ध्यानात घ्या. प्रथम देवाच्या अधीन होणे, मग सैतानाला अडवणे. पहिली पायरी गाळून दुसरी साधत नाही. तसेच काही मोहांशी झुंजत बसू नये, पळावे. योसेफाने आपले वस्त्र सोडले, पण शील सोडले नाही. (उत्पत्ति ३९:१२) त्या तरुणाने मोबाईल रात्री खोलीबाहेर ठेवला, तर तो भित्रेपणा नसून शहाणपण होय. देव प्रत्येक परीक्षेबरोबर निभावण्याची वाटही ठेवतो. मात्र त्या वाटेवर पाऊल आपल्यालाच टाकावे लागते. (१ करिंथकर १०:१३)

११. केवळ घर झाडून रिकामे ठेवणे पुरेसे नाही. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, असा इशारा प्रभूने दिला. (मत्तय १२:४३-४५) म्हणून सोडलेल्या सवयीची जागा प्रार्थना, वचन, उपयुक्त काम व विश्वासी जनांची संगती यांनी भरावी. आपले पाप एखाद्या प्रौढ, विश्वासू बंधूजवळ किंवा भगिनीजवळ उघड करावे. (याकोब ५:१६) व्यसन जडले असेल, तर जाणत्या डॉक्टरांची मदत घेण्यात संकोच नसावा. वडीलधाऱ्यांनो, दूर शहरी गेलेल्या आपल्या मुलांना पगार विचारता, तसे त्यांच्या एकटेपणाविषयीही विचारता का?

१२. पहिल्या विजयानंतर सैतान प्रभूला केवळ काही काळ सोडून गेला. (लूक ४:१३) आपल्याकडेही तो परतेल. आपण पडलो, तरी सर्व संपले असे नाही. पेत्र चाळला जाणार हे जाणूनच प्रभूने आधी त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि तो पुन्हा उभा राहिला. (लूक २२:३१, ३२) ज्याने स्वतः परीक्षा सोसली, तोच आज आपल्याला साहाय्य करण्यास समर्थ आहे. (इब्री २:१८) यास्तव दुरात्म्यांचे भय धरू नका, आणि त्यांच्याशी खेळूही नका. आज रात्री जो मोह दार ठोठावील, त्याला प्रभूच्या बळाने नकार द्या.

उजळणीसाठी प्रश्न

• शास्त्रातील दुरात्मे व लोकसमजुतीतील भुते यांत कोणता फरक आहे?
• मत्तय ४:२४ वरून आजारी व्यक्तीशी वागण्याविषयी आपण काय शिकतो?
• याकोब १:१४, १५ आपली कोणती सबब काढून घेते?
• तुमच्या जीवनातील कोणती रिकामी जागा भरण्याची गरज आहे?