अंधारात डोळा झोपत नाही!

बांधवांनो, धारचं निसरपूर असो की देवासचं नेमावर, नर्मदेत रात्री जाळं ओढताना डोळ्यावर टॉर्च आला की होडीचा काठसुद्धा दिसेनासा होतो. असं का?

आपल्या एका डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. गंमत म्हणजे त्या अंधारात बंद नसतात, उलट चालू असतात. सोडियम आत येत राहतं, ग्लुटामेट नावाचं रसायन सुटत राहतं. उजेड पडला की ते सुटणं कमी होतं, आणि हाच पुढच्या पेशींना निरोप! पण झगझगीत उजेडात दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन संपत जातं. डोळा पुन्हा अंधाराला नीट सरावायला २०-३० मिनिटं लागू शकतात. तांबडा उजेड दंडपेशींना फारसा लागत नाही, म्हणून आपण होडीत मंद तांबडा दिवाच वापरू. ऱ्होडॉप्सिनला 'अ' जीवनसत्त्व लागतं. कुणी अंधार पडताच अडखळत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, मगच रात्री पाण्यात उतरू द्या.